पिवळा रोबो, चिकट बाहुली आणि रविवारची मुदत

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय. माहेरचं जुनं घर पाडायला काढलं तेव्हा टिनाच्या खोलीत तीसेक वर्षं पडून असलेली लोखंडी संदूक त्यांच्याकडे आली. आत त्यांची आणि धाकट्या भावाची लहानपणची खेळणी. मामा नागपूरला रेल्वेत होते. दर दिवाळीला तिथल्या बर्डीच्या बाजारातून काहीबाही घेऊन यायचे. संदुकीतून निघालं ते असं: बॅटरीवर चालणारा पांढरा रोबो, आता अर्धा पिवळा. केसांची मऊ बाहुली, हाताला चिकटते. पाय लुळे पडलेला ही-मॅन पहिलवान. सहा-सात जी. आय. जो सैनिक, त्यातल्या दोघांचे कमरेपासून दोन तुकडे. बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवलेले, बिनाका टूथपेस्टसोबत मिळायचे ते चिमुकले प्राणी. आणि ताईंच्या आईची, म्हणजे या सगळ्याहून कितीतरी जुनी, पातळ कवचाची हलकी बाहुली. तिला कापराचा वास येतो. "देवघराजवळ राहिली असेल," असं ताई लिहितात.

मुलाने फोटो मोबाइलवरून चार ठिकाणी पाठवले. एका खरेदीदाराचा फोन आला: सगळ्याचे मिळून १२ हजार, रविवारपर्यंत कळवा. नागपूरचा भाऊ म्हणतो, लाखाच्या खाली द्यायचं नाही आणि त्यातले अर्धे माझे. मुलाने कुठलासा व्हिडिओ पाहिलाय. तो म्हणतो, हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवू, रोबो पांढराशुभ्र होईल आणि भाव वाढेल. सासूबाई म्हणतात, ती चिकट बाहुली चुलीत घाला, वास मारते. जाऊबाईंची चार वर्षांची मुलगी दिवसभर संदुकीभोवती घुटमळते. ताईंचा प्रश्न असा: "ह्यातलं चांगलं काय नि खराब काय, हे मी कसं ओळखू? आणि विकू की नको?"

ताई,

तुमच्या पत्रात प्रत्येकजण काहीतरी ठासून सांगतोय, आणि त्यातल्या एकानेही संदूक धड पाहिलेली नाही. खरेदीदाराने फोटो पाहिले, भावाने आठवणीवर आकडा लावला, मुलाने व्हिडिओ पाहिला, सासूबाईंना वास आला. एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली ती फक्त तुम्ही. म्हणून पहिली गोष्ट, तो रविवार सोडून द्या. ती मुदत त्या माणसाची आहे, खेळण्यांची नाही. तीस वर्षं पडून असलेली वस्तू आठ दिवस आणखी थांबली तर तिच्या भावात काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट मात्र आजच करायची. चिकट बाहुली चुलीत घालू नका, आणि आईची बाहुली चुलीच्या आसपाससुद्धा नको.

चिकटणारी बाहुली तुमच्या वर्णनावरून मऊ पीव्हीसीची दिसते. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो; डोळे चुरचुरतात, घसा धरतो. स्वयंपाकघरात तर हे अजिबात नको. आईच्या बाहुलीचं प्रकरण त्याहून नाजूक आहे. पातळ कवच, वजनाला काहीच नाही आणि कापराचा वास, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की देवघराचा संबंध बाजूला ठेवून सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या, झटकन पेटणाऱ्या प्लॅस्टिकचा संशय घ्यायचा. सेल्युलॉइड बनतंच नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून. अमेरिकेत १८७० च्या सुमारास जॉन वेस्ली हयात यांनी ते बाजारात आणलं, आणि पुढे जर्मनी-जपानमधून त्याच्या बाहुल्या जगभर गेल्या. जुन्या सिनेमाची रिळं याच जातीची. ती कशी भडकायची हे जुन्या थिएटरवाल्यांना विचारा. म्हणजे कापराचा वास बाहुलीला लागलेला नाही, तो तिच्या अंगातूनच येतोय. गॅस, चूल, समई, उदबत्ती यांपासून ती लांब ठेवा. काही ठिकाणी सल्ला देतात की तापवलेली सुई टोचून प्लॅस्टिक ओळखा. कुणी तसं सुचवलं तर त्याला संदुकीपासूनही लांब ठेवा.

तिला बाकीच्या खेळण्यांमधून काढून वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण सैल ठेवून, घरातल्या थंड खोलीत ठेवा. हवाबंद डबा नको. सेल्युलॉइड जुनं होताना आम्लाच्या वाफा सोडतं. त्या आत कोंडल्या की बाहुली स्वतःलाच खाते, शेजारच्या लोखंडालाही गंज चढवते. अशाच जुन्या वस्तूला कापराऐवजी शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा वास येत असेल तर ते बहुधा सेल्युलोज ॲसिटेट, हेही एक जुनं प्लॅस्टिक. त्याचीही निगा हीच: वेगळं, थंड, हवेशीर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. चांगलं काय नि खराब काय हे विचारताना तुम्ही, तुमचा मुलगा आणि सासूबाई, तिघंही एक गोष्ट धरूनच चालला आहात: जुनेपणा वरवर बसतो आणि काढला की जातो. आपल्या घरात हे खरंही आहे. पितळेचा गडवा चिंचेने घासला की लखलखतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आजोबांचा असला तरी तेलाचा हात फिरवला की नातवाच्या हाती द्यायला तयार. प्लॅस्टिकला हा न्याय लागत नाही. प्लॅस्टिकचं म्हातारपण त्याच्या आतल्या घडणीत होतं. रोबोचा पिवळेपणा हा मळ नाही, बाहुलीचा चिकटपणा हाही मळ नाही. घासून जाईल ते एक, वापराने झिजलेलं दुसरं, आणि पदार्थच बदलला ते तिसरं. ही तीन वेगळी करता आली की तुम्हाला अवस्था वाचता आली म्हणायचं. खरेदीदार पैसे मोजताना नेमकं हेच पाहतो.

त्यासाठी काही विकत आणायला नको. सकाळी ओसरीवर, उन्हात नाही पण उजेडात, पांढरं धुतलेलं धोतर अंथरा. मोबाइलचा टॉर्च आणि भिंग जवळ घ्या. एकेक खेळणं उचला आणि आधी त्याची लपलेली जागा पाहा: काखेत, पायाच्या तळव्याखाली, बॅटरीच्या झाकणाच्या आत, स्टिकरच्या कडेला. तिथला रंग हा त्या वस्तूचा मूळ रंग. मग बाहेरचा पाहा. दोहोंतला फरक म्हणजे तिचं वय. कुठेही जोर लावून वाकवू नका. सांध्याजवळ बारीक रेघांचं जाळं दिसतं का, वाकलेल्या जागी पांढुरका पट्टा उमटलाय का, हे टॉर्च तिरपा धरला की कळतं. जाळं असेल तर ती वस्तू आता नुसती ठेवण्याची, हाताळण्याची नाही.

बोटाने हळूच टिचकी मारून पाहा, प्लॅस्टिकची जात आवाजावरून ओळखता येते. पॉलिस्टायरीन खणखणतं आणि कडक पण ठिसूळ असतं. पॉलिथिन बद्द वाजतं आणि नखाला मेणचट लागतं. पाण्यावर तरंगलं तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन, बुडालं तर पीव्हीसी, एबीएस, पॉलिस्टायरीन यांपैकी काही. ही पाण्याची परीक्षा सुट्या तुकड्यावरच करा. पोकळ खेळणं आतल्या हवेमुळे तरंगेल आणि तुम्हाला चुकीचं उत्तर देईल. ज्यात स्प्रिंग, स्क्रू, कागद किंवा केस आहेत त्याला तर पाण्यात घालूच नका.

रोबोचा एकच गाल पिवळा आहे आणि पाठ पांढरी, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे संदुकीत जाण्याआधी तो बरीच वर्षं खिडकीजवळच्या फडताळावर उभा असणार. असं पांढरं कडक प्लॅस्टिक बहुतेक वेळा एबीएस असतं. त्यातल्या ब्युटाडाईन नावाच्या रबरी घटकावर प्रकाश, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन काम करतात आणि रंग पिवळट होत जातो. उजेड नसला तरी नुसत्या उष्णतेने हे होतं. न उघडलेल्या खोक्यातली खेळणीही पिवळी निघतात ती त्यामुळेच. मुलाने पाहिलेला व्हिडिओ खोटा नाही. पेरॉक्साइड आणि ऊन मिळून पिवळेपणा खरोखर उतरतो. पण उतरतो तो फक्त रंग, प्लॅस्टिकची झालेली झीज भरून येत नाही. काही काळाने पिवळेपणा परततो, कधी ढगाळ डागही पडतात, आणि वर छापलेले रंग फिके होतात. शिवाय आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन. त्यात रोबो दिवसभर ठेवायचा म्हणजे ज्या उष्णतेने तो पिवळा झाला तिचाच आणखी एक मोठा डोस.

माझं मत विचाराल तर करू नका. खरं संग्रह करणारा माणूस एकसारखा, न लपवलेला पिवळेपणा समजून घेतो. पांढरं केलेलं आहे आणि सांगितलेलं नाही, हे कळलं की तो पुढचं सगळंच संशयाने बघतो. मुलाच्या हाताला चैन पडत नसेल तर त्याला एखाद्या फुटक्या टिफिनच्या झाकणावर प्रयोग करू द्या, हातमोजे घालून. जोरदार पेरॉक्साइडने कातडी भाजते.

रोबोचं बॅटरीचं झाकण मात्र आजच उघडा. आत जुने सेल असतील तर काढा. गळून पांढरी-हिरवी भुकटी झाली असेल तर कोरड्या टूथब्रशने झाडा, तोंडाला फडकं बांधून. पत्र्याच्या पट्ट्या शाबूत असतील तर नवे सेल टाकून एकदा चालवून पाहा, पण सेल आतच विसरू नका.

टिनाच्या खोलीबद्दल दोन शब्द, कारण विदर्भातल्या बहुतेक संदुकींची हीच कथा आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा टिनाखाली काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. रसायनशास्त्रात एक ढोबळ हिशेब आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून थंड देशातल्या कपाटात तीस वर्षं राहिलेलं खेळणं आणि तुमच्या माहेरच्या टिनाखाली तीस वर्षं राहिलेलं खेळणं ही एका वयाची नाहीत. परदेशी लोक "या सालच्या खेळण्याची अवस्था साधारण अशी असते" म्हणून सांगतात, ते मोजमाप आपल्याला जसंच्या तसं लावू नका. उलट एखादी वस्तू आपल्याकडे इतका उन्हाळा सोसून टणक राहिली असेल तर ते तिच्या बाजूने धरा.

आणि संदुकीत डांबरगोळ्या होत्या का? असणारच, आपल्याकडे संदूक म्हटली की त्या येतातच. कपड्यांसाठी त्या ठीक. प्लॅस्टिकसाठी, विशेषतः पॉलिस्टायरीनसाठी, नॅफ्थलीनची वाफ वाईट; पृष्ठभाग मऊ पडतो, खरबरीत होतो. काढून टाका.

आता ती चिकट बाहुली. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ मिसळतात, बहुधा थॅलेट. वर्षं गेली, उष्णता लागली की हा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि बाहुलीच्या अंगावर चिकट थर होऊन बसतो. धूळ त्यालाच धरते, म्हणून ती मळकी दिसते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचा थेंब टाकून, मऊ फडक्याने पुसली तर थर निघेल आणि बाहुली काही दिवस बरी वाटेल. पण परत चिकटेल, कारण आतला साठा संपलेला नाही. पुन्हा पुन्हा धुणं म्हणजे तिच्यातला मऊपणाच काढत राहणं. शेवटी ती कडक होऊन तडकते. काही विक्रेते अशा बाहुलीवर टाल्कम पावडर मारून पाठवतात. घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत ती कोरडी लागते, बस. तुम्ही तसं करणार नाही, पण पुढे कधी विकत घ्यायची वेळ आली तर लक्षात असू द्या. आणि तिच्या कानात धातूचे डूल असतील तर कानाभोवती हिरवट डाग आहे का बघा. १९५९ मध्ये आलेल्या अगदी सुरुवातीच्या बार्बींनाही ही खोड होती. धातू आणि पीव्हीसी एकमेकांना लागून राहिले की हे होतं.

तिला ठेवायची कुठे? डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या संशोधक इव्हॉन शाशुआ यांनी पीव्हीसीच्या या गळतीवर बरंच काम केलंय. त्यातून निघालेला व्यवहारी सल्ला आपल्या घरात सहज पाळता येतो: मऊ पीव्हीसी काचेच्या बंद भांड्यात ठेवलं की गळती मंदावते, आणि साध्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवलं की ती पिशवी हे तेल शोषत राहते. म्हणजे सेल्युलॉइडच्या अगदी उलट. लोणच्याची एखादी मोठी काचेची बरणी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून त्यात बाहुली ठेवली तरी चालेल. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अंगावर उमटते. रबर बँड नको. दुसऱ्या कुठल्याही प्लॅस्टिकला ती टेकलेली नको; तिचं तेल पॉलिस्टायरीनला वितळवतं. संदुकीतल्या एखाद्या कडक खेळण्यावर विचित्र खळगा दिसला तर तो बाहुलीच्या पायाचा ठसा असू शकतो.

ही-मॅन आणि जी. आय. जो यांची अवस्था तुम्ही "खराब" म्हणून लिहिलीय. मला तसं वाटत नाही. ही-मॅनचे पाय आतल्या रबराने ओढून धरलेले असतात. रबर सैल पडलं की पाय लुळे. जी. आय. जोच्या त्या चार बोटं उंचीच्या सैनिकांमध्ये कमरेत एक काळं रबरी कडं असतं, ओ-रिंग. तेच हात-छाती आणि पाय एकत्र धरतं. तीस उन्हाळ्यांनंतर ते तुटलं, यात नवल नाही. कडं बदलता येतं, स्वस्तात मिळतं, आणि संग्राहक याला मोठा दोष मानतच नाहीत. त्यांची नजर दुसरीकडे असते: अंगठा तुटलाय का, दोन पायांमधला हूक शाबूत आहे का, कोपरापाशी चीर आहे का, चेहऱ्यावरचा रंग किती उडालाय. बंदूक, पाठपिशवी, हेल्मेट असं काही संदुकीच्या तळाशी सापडलं तर जपून ठेवा. त्या नखाएवढ्या बंदुकीने सैनिकाचा भाव बदलतो. म्हणून संदूक झटकण्याआधी तळाची धूळ चाळणीतून काढा.

यांच्या पाठीवर किंवा कमरेवर बारीक अक्षरं कोरलेली असतील. साल वाचून घाई करू नका. कोरलेलं साल बहुधा साच्याच्या हक्काचं असतं, वस्तू घडवल्याचं नव्हे. फनस्कूल कंपनी भारतात १९८७ मध्ये सुरू झाली आणि हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीच्या जुन्या साच्यांतून तिने इथे जी. आय. जो काढले, त्यामुळे अंगावर आधीचं साल आणि प्रत्यक्षात वस्तू नंतरची, असं सर्रास दिसतं. ही-मॅन अमेरिकेत मॅटेल कंपनीने १९८२ मध्ये आणला, आणि दूरदर्शनवर लागायला लागल्यावर आपल्याकडचे पोट्टे त्याच्यासाठी वेडे झाले. आपल्याकडे तो लिओ या कंपनीच्या नावाखाली बनला. "भारतात बनलेलं म्हणजे दुय्यम" असं मनात असेल तर काढून टाका. भारतीय प्रतींचे रंग मूळ अमेरिकन प्रतींपेक्षा वेगळे निघाले आणि नेमक्या त्याच वेगळेपणासाठी बाहेरचे लोक त्या शोधतात. मात्र कुठलंच नाव कोरलेलं नसेल तर ती जत्रेतली नक्कलही असू शकते, हे खरेदीदाराला स्वतःहून सांगा.

बिनाकाच्या प्राण्यांबद्दल फार लिहीत नाही. एकेकटे ते थोडक्याचे. पूर्ण, न तुटलेला, वेगवेगळ्या रंगांचा संच असेल तर घेणारा मिळतो. तुमच्या घरात त्यांचा पहिला विचार वेगळा आहे: चार वर्षांच्या मुलीच्या घशात अडकतील एवढे ते लहान आहेत. त्या डब्याला झाकण आणि डबा वरच्या फळीवर.

तिला बाकीचीही खेळणी खेळायला देऊ नका, तिने कितीही हट्ट केला तरी. जुन्या प्लॅस्टिकच्या रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं, आणि बाहुलीच्या अंगावरचा चिकट थर तोंडात जाणं बरं नाही. युरोपने काही थॅलेट खेळण्यांतून हद्दपार केले ते २००५ च्या निर्णयानंतर; आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं १ जानेवारी २०२१ पासून. तुमची संदूक या सगळ्याच्या आधीची. तुम्हीही हाताळल्यावर हात धुवा. मुलीला पोळ्याआधी एक लाकडी बैल घेऊन द्या, ती ही संदूक विसरेल.

आता नागपूरच्या भावाविषयी. तुम्ही लिहिलंय, "त्याला आता बरी आठवण आली." राग समजतो. पण "अर्धे माझे" या दोन शब्दांत हिशेबच आहे, हे आपण कशावरून धरायचं? कदाचित ही-मॅन त्याचा होता आणि तो ते विसरलेला नाही. भावाने सांगितलेला लाखाचा आकडा बहुतेक कुणीतरी मागितलेल्या किमतीवरून आलेला असेल. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत आर्वी ते नागपूर एवढं अंतर असतं. लिलावाच्या संकेतस्थळांवर "विकले गेलेले" एवढेच सौदे वेगळे पाहायची सोय असते. मुलाला तेवढंच शोधायला सांगा, तेही तुमच्यासारख्या सुट्या, बिनखोक्याच्या वस्तूंचं. बंद खोक्यातल्या वस्तूचा भाव पाहून स्वप्नं रंगवू नका. मग भावाला एक दिवस बोलवा आणि भावताव सुरू होण्याआधी कुणाचं काय ते ठरवून घ्या. आधी पैशाचं बोललात की मग कुणाचं काय हे कधीच सरळ ठरत नाही. आईची बाहुली या वाटणीतच नको. ती आईची आहे; तिला विचारा.

त्या १२ हजारांना मी फसवणूक म्हणणार नाही. कदाचित रास्तही असतील. पण सगळ्याचा मिळून एकच आकडा देणाऱ्याचं मन बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या वस्तूवर असतं आणि बाकीचं त्याला फुकट हवं असतं. म्हणून त्याला इतकंच विचारा: "यातलं तुम्हाला नेमकं कोणतं हवंय, आणि त्या एकाचे किती द्याल?" उत्तरातून तुम्हाला संदुकीतली महागडी वस्तू कोणती ते कळेल. आणखी एकदोघांना हेच विचारा.

विचारताना अवस्था तुम्ही लिहून द्या. एका वहीत प्रत्येक खेळण्याला एक पान करा. उदाहरणार्थ: "बॅटरीवरचा रोबो. चेहरा आणि डावी बाजू पिवळी, पाठ मूळ पांढरी. डाव्या हाताच्या सांध्याला केसाएवढी चीर. छातीचं स्टिकर कोपऱ्यात उचललेलं. सेलच्या पट्ट्यांना थोडा गंज. चालतो, दिवा लागत नाही. धुतलेला नाही, रंगवलेला नाही." सोबत पुढून, मागून, खालून आणि प्रत्येक दोषाचा जवळून एक असे फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून, सावलीतल्या उजेडात. संग्राहक सी-१ ते सी-१० अशा श्रेणी लावतात. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. एकाचा सी-८ दुसऱ्याचा सी-६ असतो. साधं मराठीत लिहिलेलं वर्णन त्याहून खरं. दोष तुम्ही आधी सांगितला की घासाघीस करायला समोरच्याच्या हातात फारसं उरत नाही.

साफसफाई म्हणाल तर धूळ मऊ कोरड्या ब्रशने, तेलकट डाग ओलसर फडक्याने, आणि थांबा. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांनी प्लॅस्टिक विरघळतं. ब्लीच नको, टूथपेस्ट नको, ती घासून चकाकी घालवते. वाळवायचं ते पंख्याखाली.

विकावं की नाही? ठेवलं तर वाढेल, हा जमिनीचा हिशेब इथे लावू नका. प्लॅस्टिक थांबत नाही. जे विकायचं ठरेल ते या वर्षा-दोन वर्षांत विका. ही-मॅन आणि सैनिक भावाची हरकत नसेल तर विकण्याजोगे आहेत. त्यांना घेणारे आहेत आणि ते नीट सांभाळतील. चिकट बाहुलीचे पैसे येणार नाहीत, तिची तुम्हाला माया असेल तर बरणीत ठेवा, नसेल तर पिशवीत बांधून घंटागाडीत द्या, गाडी येत नसेल तर तालुक्याला जाताना न्या. रोबोचं मात्र मला ठरवता येत नाही. तो चालत असेल तर मी ठेवीन. आणि जे ठेवाल ते टिनाखाली नाही, माळ्यावर नाही, कूलरच्या झोतातही नाही; मधल्या खोलीत, मातीच्या जाड भिंतीच्या घरात असाल तर फारच उत्तम, खालच्या फळीवर, धुतलेल्या सुती कापडात, एकमेकांना न टेकवता.

पैसे आधी, पार्सल नंतर. पैसे घेण्यासाठी कुणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवून द्या. पैसे येताना पिन लागत नाही. ओ-रिंग तुटलेले सैनिक तसेच, तुकडे वेगळे गुंडाळून पाठवा, कडं घेणारा बसवून घेईल. आणि पार्सल मे-जूनमध्ये टाकू नका. मालगाडीच्या डब्यात किंवा पोस्टाच्या बंद गाडीत प्लॅस्टिक वाकतं, आणि मग ते पाठवताना वाकलं की आधीपासून वाकलेलं होतं यावर तुम्ही फोनवर भांडत बसाल. सौदा आता झाला तरी माल दिवाळीनंतर पाठवू, असं त्याला सांगा. ज्याला खरंच हवंय तो थांबतो.